फ्रिज नव्या घरी नेताना



मे महिना आला की आपल्या मोहल्ल्यांत सामानाने भरलेले टेम्पो दिसू लागतात. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, पाऊस अजून लांब असतो आणि घराचा अकरा महिन्यांचा करार संपत आलेला असतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं वर्ष असंच मोजलं जातं. कुणी मुंब्र्यात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जातं, कुणी भिवंडीहून कल्याणला, तर कुणी मुंबईचं बिऱ्हाड आवरून रत्नागिरीकडे गावी. भांडी, गाद्या, पुस्तकं, शिलाई मशीन पोत्यांत आणि खोक्यांत मावतात. शेवटी भिंतीला टेकून एकटा उभा राहतो तो फ्रिज.

बहुतेक घरांत फ्रिज हप्त्यांवर घेतलेला असतो. कधीकधी घर बदलायची वेळ येते तेव्हा हप्तेही पूर्ण फिटलेले नसतात. काही घरांत त्यातच दादीचं इन्सुलिन असतं. "चार पोरं बोलवा, उचला आणि टाका टेम्पोत" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण आठ वर्षं बिनतक्रार चाललेला फ्रिज एका दुपारच्या घाईत बंद पडू शकतो. फ्रिज निदान दुरुस्त करता येतो, पण जिन्यात तोल गेलेल्या माणसाची कंबर तशी दुरुस्त होत नाही. म्हणून या महिन्यात एवढ्या एकाच कामाविषयी सविस्तर लिहिते आहे.

आत काय असतं?

शाळेत मुलांना मी सांगते, कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. फ्रिजचंही तसंच आहे. त्याच्या मागे, अगदी खाली, काळ्या मडक्यासारखा एक डबा असतो. तो कॉम्प्रेसर. त्याच्या आत मोटार आणि पंप असतात, आणि ते स्प्रिंगवर टेकलेले असतात. डब्याच्या तळाशी तेल असतं. हे तेल मोटारीला आणि पंपाला झिजू देत नाही. कॉम्प्रेसर गॅस दाबून मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत पाठवतो. तिथे तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग केसासारख्या बारीक नळीतून, म्हणजे केशनलिकेतून, तो आत जातो, पुन्हा वायू होतो आणि होताना आतली उष्णता शोषून घेतो. फ्रिज आत थंड आणि बाहेरून गरम लागतो तो यामुळेच.

आता हा फ्रिज आडवा केला तर काय होईल? तळाचं तेल नळ्यांत शिरेल. तसाच उभा करून लगेच सुरू केला, तर कॉम्प्रेसरला पुरेसं तेल मिळणार नाही, किंवा ते तेल बारीक नळीत जाऊन अडकेल. शिवाय जोराचा धक्का बसला तर आतल्या स्प्रिंग जागेवरून सरकू शकतात. म्हणून पहिला नियम असा की फ्रिज उभाच न्यायचा. जिन्यावर किंवा ट्रॉलीवर थोडा वेळ तिरका झाला तर हरकत नाही, पण कलणं ४५ अंशांच्या आत ठेवावं.

अगदी नाइलाज झाला आणि आडवा करावाच लागला, तर एका कुशीवर ठेवावा. पाठीवर ठेवला तर मागच्या नळ्या दबतात, दारावर ठेवला तर बिजागरी वाकते. कोणती कूस खाली घ्यायची ते कंपनीच्या पुस्तिकेत बघावं किंवा मिस्त्रीला विचारून घ्यावं.

तीन दिवस आधी

मोजपट्टी काढा. फ्रिजची रुंदी, खोली आणि उंची कागदावर लिहा. मग नव्या घराच्या दाराची चौकट, जिन्याची रुंदी, जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दार मोजून या. लिफ्ट आतून मोठी असते, पण तिचं दार अरुंद असतं. चाळीत गॅलरीचा कठडा आणि शेजाऱ्यांची कपाटं मध्ये येतात. मोजमाप आधी झालं तर फ्रिज तिसऱ्या मजल्यावर नेऊन दारात अडकण्याची वेळ येत नाही. दार थोडक्यात अडत असेल तर फ्रिजचं दार बिजागरीतून काढता येतं. पण हे काम मिस्त्रीचंच आहे, कारण काही फ्रिजच्या दारातून वायरी गेलेल्या असतात.

याच दिवसांत फ्रिज रिकामा करायला लागा. बर्फाच्या कप्प्यातला खिमा, मासे, वाटून ठेवलेला मसाला वापरून टाका. बकरी ईदनंतर लगेच घर बदलायचं असेल तर गोश्त साठवण्याचा हिशेब आधीच करा. वाटपानंतर उरलेलं नातेवाइकांच्या फ्रिजमध्ये ठेवता येईल का, ते विचारून ठेवा. वितळलेलं गोश्त नव्या घरी पुन्हा गोठवून खाणं पोटाला महाग पडतं.

आदल्या दिवशी

आदल्या दिवशी सकाळी फ्रिज बंद करा आणि प्लग काढा. दार उघडं ठेवा. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाचा जाड थर साठलेला असतो. तो वितळायला बराच वेळ लागतो. घाई असेल तर जाड फडक्यावर गरम पाण्याचं पातेलं आत ठेवा. सुरी, उलथणं, स्क्रू ड्रायव्हर यांपैकी काहीही त्या बर्फाला लावू नका. बर्फाच्या कप्प्याची भिंत पातळ असते आणि गॅसच्या नळ्या तिथेच असतात. सुरीचं टोक लागलं की गॅस निघून जातो, आणि हा खर्च हमालीपेक्षा किती तरी जास्त असतो.

गॅसविषयी आणखी एक गोष्ट. आजकालच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो. आयसोब्युटेन हे त्याचं दुसरं नाव. ओझोनच्या थराला तो अपाय करत नाही, पण तो पेट घेणारा आहे. घरगुती फ्रिजमध्ये तो थोडा असतो, कमाल मर्यादाच १५० ग्रॅम आहे, आणि प्रत्यक्षात बहुतेक फ्रिजमध्ये त्याहून बराच कमी. कोणता गॅस आहे ते मागच्या किंवा आतल्या पट्टीवर छापलेलं असतं. हलवताना नळी तुटून फुस्स आवाज आला तर खिडक्या उघडा, काडी पेटवू नका, दिव्याचं किंवा पंख्याचं बटण दाबू नका आणि मिस्त्री येईपर्यंत फ्रिज सुरू करू नका.

मागे कॉम्प्रेसरच्या वर बहुधा प्लॅस्टिकची एक ताटली असते. त्यात वितळलेलं पाणी साठतं. ती रिकामी करून घासून कोरडी करा. ती भरलेलीच नेली तर जिन्यात आणि टेम्पोत घाण पाणी सांडतं. एरवीही ही ताटली दर आठवड्याला बघावी, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

मग आतून कोरड्या फडक्याने पुसा. दाराच्या रबराच्या घड्यांतही पुसा. ओल राहिली तर बंद फ्रिजमध्ये दोन दिवसांत बुरशी धरते.

औषधांचा डबा वेगळा

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहिते आहे, कारण सामानाच्या गडबडीत औषधं सर्वांत शेवटी आठवतात. फ्रिजमधली औषधं आदल्या दिवशीच एका डब्यात काढा आणि त्या डब्याची जबाबदारी घरातल्या एकाच माणसावर टाका. तो डबा टेम्पोत जाऊ देऊ नका. तो हातातल्या पिशवीत राहील.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. वापरायला काढलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण ४ आठवडे घरच्या तापमानात चालतं, पण ते तापमान २५ ते ३० अंशांच्या आत हवं. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोली आणि उभी गाडी त्याच्या किती तरी वर जातात. म्हणून थर्मासची पिशवी किंवा रुंद तोंडाचा थर्मास घ्या, तळाशी बर्फाची पिशवी ठेवा, त्यावर टॉवेलाची घडी आणि मग औषध. इन्सुलिन बर्फाला चिकटू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला नेहमीसारखं असलं तरी वापरायचं नसतं. मुलांचं पाणी घालून बनवलेलं अँटिबायोटिक सिरप, डोळ्यांचे काही थेंब, हेही याच डब्यात घाला. बाटलीवर कसं ठेवायचं ते लिहिलेलं असतं. शंका वाटली तर औषधाच्या दुकानात विचारून घ्या. नव्या घराचा फ्रिज थंड होईपर्यंत ही औषधं शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये राहू शकतात. पहिली ओळख अशा कामानेही होते.

बांधाबांध

काचेचे रॅक, भाजीचा ट्रे, अंड्यांचा ट्रे बाहेर काढा आणि चादरीत वेगवेगळे गुंडाळा. काच फ्रिजमध्येच ठेवून नेऊ नका. प्लगची वायर गुंडाळून चिकटपट्टीने मागे लावा, म्हणजे कुणाच्या पायात येणार नाही. दाराला कापडी पट्टी किंवा ओढणीसारखा मऊ पट्टा बांधा. दाराच्या मुठीला दोरी अडकवून फ्रिज ओढू नये, मूठ तुटते. चारही कोपऱ्यांना जुनी गोधडी किंवा पुठ्ठा लावा आणि वरून दोरी बांधा. निघण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. पुढे पोचा कुठे आला यावरून वाद झाला तर तोंडी भांडण्यापेक्षा फोटो बरा. बिल आणि गॅरंटी कार्डही औषधांच्या पिशवीत ठेवा. वाहतुकीत झालेलं नुकसान सहसा गॅरंटीत बसत नाही, हे ध्यानात असू द्या.

उचलायचं कुणी आणि कसं?

१९० लिटरच्या आसपासचा एका दाराचा फ्रिज साधारण ३५ ते ४० किलोंचा असतो. दोन दारांचा २५० ते ३०० लिटरचा फ्रिज ४५ ते ६० किलोंपर्यंत जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालच्या शिफारशीत एका प्रौढ पुरुष कामगाराने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली आहे, आणि तीही रोज हेच काम करणाऱ्या माणसासाठी. तेव्हा एकाच हमालाच्या पाठीवर दोन दारांचा फ्रिज देऊन चार मजले चढायला लावणं योग्य नाही, मग तो स्वतः "होईल की बाई" म्हणत असला तरी. दोन माणसं घ्या, आणि जिना अरुंद असेल तर तिसरा माणूस वळण सांगायला ठेवा.

घरातली मुलं हौसेने पुढे येतात. दहावीतल्या मुलाला आपण मोठे झालो हे दाखवायचं असतं. त्याला रॅक आणि खोकी द्या. गरोदर बहीण, हृदयाचा त्रास असलेले अब्बा, हर्नियाचं ऑपरेशन झालेले चाचा यांना या कामापासून दूर ठेवा. "जरा हात लावतो" म्हणून लावलेला हातच महाग पडतो.

उचलताना कमरेतून वाकायचं नाही. पाय थोडे फाकवून, गुडघ्यात वाकून, वजन अंगाजवळ घेऊन पायांच्या जोरावर उठायचं. वजन हातात असताना कमरेतून वळायचं नाही, पावलं टाकून वळायचं. ओल्या पायाने किंवा घसरणाऱ्या चपलेने जिना उतरू नये. बुरख्याचा किंवा ओढणीचा घोळ जिन्यात पायाखाली येतो, तेव्हा सोबत चालणाऱ्या बायकांनीही तो आवरून घ्यावा.

सपाट लादीवर फ्रिज उचलायची गरजच नसते. एका बाजूने जरा कलवून पुढच्या पायांखाली जुनी चादर किंवा गोणपाट सरकवा, मग दुसऱ्या बाजूने तसंच, आणि हळूहळू ओढा. लादीवर चरे पडत नाहीत आणि निम्मी ताकद वाचते. दोन चाकांची ट्रॉली भाड्याने मिळाली तर फारच चांगलं. ती म्हणजे शाळेत शिकलेली तरफच. वजन चाकावर येतं आणि माणसाला फक्त तोल सांभाळावा लागतो.

जिन्यावर मात्र तोलाचा हिशेब बदलतो. तिरकं झालेलं ओझं खालच्या माणसाकडे जास्त येतं, आणि फ्रिजचा जड भाग, म्हणजे कॉम्प्रेसर, तळाशीच असतो. म्हणून चढताना आणि उतरतानाही अधिक ताकदीचा आणि अनुभवी माणूस खाली हवा. बोलायचं एकानेच. "थांब" म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. फ्रिज हातातून निसटू लागला तर त्याला अडवायला मध्ये जायचं नाही, बाजूला व्हायचं. वस्तू पुन्हा घेता येते. याच कारणाने फ्रिज जिन्यात असेपर्यंत खालच्या पायऱ्यांवर मुलं नकोत.

हमालीचा सौदा आधी करा. किती मजले, लिफ्ट आहे का, टेम्पो दारापर्यंत येतो की गल्लीच्या तोंडाशी थांबतो, हे सगळं खरं सांगा. खाली उतरवल्यावर "अजून तीन मजले आहेत" असं सांगणं ही फसवणूकच झाली. आपल्या महाराष्ट्रात माथाडी आणि हमाल कामगारांसाठी १९६९ सालापासून स्वतंत्र कायदा आहे, तो या माणसांच्या पाठीवर किती भार असतो हे ओळखूनच झाला. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी हातात द्यावी, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. तिच्यासाठी सुटे पैसे आदल्या दिवशीच काढून ठेवावे लागतात. आणि थंड पाण्याची बाटली पॅक झालेल्या खोक्यात नव्हे, दाराशी ठेवावी.

टेम्पोत

टेम्पोत फ्रिज उभा, ड्रायव्हरच्या केबिनला पाठ लावून ठेवा. मध्ये गादी किंवा उशा घाला. एक दोरी वरच्या भागाला आणि एक खालच्या भागाला, अशा दोन ठिकाणी दोन्ही बाजूंच्या कड्यांना बांधा. एकाच दोरीने मध्यावर बांधलेला फ्रिज ब्रेक लागला की डोलतो. फ्रिजवर काही ठेवू नका, आतही काही भरू नका. रिकामी जागा दिसली म्हणून आत भांडी भरली की वजन वाढतं आणि आतलं प्लॅस्टिक तडकतं. पावसाचे दिवस असतील तर ताडपत्री आधीच मागवा. गल्लीत लोंबणाऱ्या केबल आणि विजेच्या वायरी किती उंचीवर आहेत, तेही बघून घ्या.

आणखी एक विनंती. फ्रिज धरायला म्हणून मुलाला किंवा भावाला टेम्पोच्या मागे उभं करू नका. घाटात, खड्ड्यात फ्रिज कलंडला तर तो माणूस त्याला धरू शकत नाही, त्याखाली सापडतो. धरायचं काम दोरीचं आहे.

नव्या घरी

जागा आधी ठरवा. गॅसच्या शेगडीजवळ किंवा ऊन येणाऱ्या खिडकीजवळ नको. मागे आणि बाजूंना हवा खेळायला जागा सोडा. साधारण चार बोटं तरी हवी, पुस्तिकेत जास्त सांगितली असेल तर तेवढी. पुढचे पाय फिरवून फ्रिज स्थिर करा. पुढची बाजू किंचित वर ठेवली तर दार आपोआप बंद होतं.

आता थांबा. फ्रिज उभाच आणला असेल तर २ ते ४ तास, आडवा आणला असेल तर जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ, आणि शक्य असेल तर २४ तास तो बंदच राहू द्या. तेवढ्या वेळात तेल पुन्हा तळाशी उतरतं. पाहुणे आले आहेत, सरबताला बर्फ हवा आहे, तर खालच्या दुकानातून आणा.

या वेळात वायरमनकडून प्लग पॉइंट तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन अर्थिंगची असते. ती तोडून किंवा दोन पिनांचा जोड लावून फ्रिज चालवू नका. जुन्या इमारतींत पॉइंट तीन भोकांचा असतो, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तो लगेच बंद करा आणि अर्थिंग करून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका. ओल्या लादीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा असा फ्रिज जीव घेऊ शकतो. फ्रिजसाठी भिंतीतला स्वतंत्र पॉइंट हवा. एक्स्टेन्शनवर फ्रिज आणि मिक्सर एकत्र नकोत. विजेचा दाब कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा.

सुरू केल्यावर काही तास तो रिकामाच चालू द्या. पूर्ण थंड व्हायला २४ तासही लागू शकतात. मध्येच वीज गेली किंवा आपण बंद केला तर पाच मिनिटं थांबून मगच पुन्हा सुरू करा. आतला दाब समान झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला जोर लावावा लागतो. पहिल्या रात्री नेहमीपेक्षा वेगळा आवाज आला तर घाबरू नका, पण खडखड सुरूच राहिली, किंवा कॉम्प्रेसर सुरू होऊन लगेच बंद पडत राहिला, तर प्लग काढा आणि मिस्त्री बोलवा.

वॉशिंग मशीन असेल तर

समोरून दार उघडणाऱ्या मशीनचं वजन ६० ते ७० किलोंपर्यंत असतं, कारण कपडे फिरताना ते हलू नये म्हणून त्यात वजनाचे ठोकळे बसवलेले असतात. नवीन मशीन येतं तेव्हा मागे ड्रम घट्ट धरणारे बोल्ट असतात. बसवताना ते काढून दिले जातात. ते फेकू नका, पुस्तिकेबरोबर पिशवीत ठेवा. घर बदलताना ते पुन्हा लावायचे आणि नव्या घरी कपडे धुण्याआधी आठवणीने काढायचे. बोल्ट तसेच ठेवून मशीन सुरू केलं तर ते खोलीभर नाचतं. नळ्यांतलं पाणी आदल्या दिवशी काढून टाका.

शेवटचं, लहान मुलांसाठी

जुना फ्रिज विकायचा किंवा भंगारात द्यायचा म्हणून तो काही दिवस गॅलरीत किंवा जिन्याखाली पडून राहतो. लपाछपी खेळणारी मुलं त्यात शिरतात. दार बंद झालं की आत हवा येत नाही आणि आवाजही बाहेर येत नाही. असे मृत्यू झाल्यामुळेच अमेरिकेत १९५६ साली फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे असा कायदा करावा लागला. आजच्या दारांना चुंबकाची पट्टी असते, पण लहान मुलाच्या ताकदीवर विसंबू नका. पडून असलेल्या फ्रिजचं दार काढून वेगळं ठेवा. नव्या घरी आणलेल्या फ्रिजची दोरीसुद्धा सोडायला विसरू नका आणि तो बंद असेपर्यंत मुलांवर लक्ष असू द्या. शेजारच्या इमारतीत कुणाचा जुना फ्रिज असा पडलेला दिसला तर त्यांना सलाम करून एवढं सांगून या.

पुढच्या अंकात नव्या घरी गॅसची शेगडी आणि सिलिंडर जोडताना काय पाहावं, त्याविषयी लिहीन.